भरतीचा बोर्ड

“धडगावना बाजारना वास शे,” असं म्हणून दादा धक्क्यावर उभा राहायचा, मान वर करून दोन-तीनदा हुंगायचा आणि मग ज्या बाजूने वास येतो त्या बाजूला चालू लागायचा. बंदर कोणतंही असो. बाकीचे खलाशी मोबाइलवर नकाशा उघडून बाजार कुठे, वायफाय कुठे, हे शोधत असायचे. दादाला नकाशा लागत नव्हता. सुकटीचा, बोंबलाचा वास आला की तिकडे कोळ्यांचं गाव असणार, एवढं त्याला पुरत होतं.

धडगावच्या आठवडी बाजारात लहानपणी आईचं बोट धरून तो जायचा, तेव्हा खारवलेल्या मासळीच्या पाटीपुढे आई सर्वांत जास्त वेळ थांबायची. समुद्र सातपुड्यात पोचतो तो असा, मीठ आणि सुकटीच्या रूपाने. पस्तिशी उलटल्यावर दादाने पहिल्यांदा खरा समुद्र पाहिला, तेव्हाही त्याला आधी आठवला तो बाजारच. “हाई सगळं कोठून येस ते मले देखनं व्हतं,” तो म्हणायचा.

मी त्याला भेटलो तो जहाजाच्या पोटात. मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारं ते प्रवासी जहाज होतं. वरच्या मजल्यांवर पोहण्याचे तलाव आणि गाण्यांचे कार्यक्रम, आणि सगळ्यात खाली, जिथे एकही खिडकी नाही तिथे, आमची लाँड्री. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. दोनदा पोलीस भरतीत धावलो आणि दोन्ही वेळा मागे राहिलो. मग एका ओळखीच्याने या कामावर लावून दिलं. तिसऱ्या दिवशी मी एका ड्रायरमागे उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो आणि आवाज ओला होऊ नये म्हणून धडपडत होतो. फोन ठेवला तर मागे चादरींची ट्रॉली घेऊन हा माणूस उभा.

“कोठला शे रे तू?”

“म्हसावदना.”

“म्हसावदना? मंग तू ते घरनाच शे. तुन्हा गावले मी चार वरीस ऊस तोडेल शे.”

सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची पावरी ही त्याची घरची बोली. आमची अहिराणी तो उसाच्या फडात आणि बाजारात शिकला होता, पण माझ्यापेक्षा झणझणीत बोलायचा. मी त्याला दादा म्हणू लागलो. आमच्याकडे थोरल्या भावालाही ‘तू’च म्हणतात, त्यामुळे ‘तू’ आणि ‘दादा’ दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं. एक गोष्ट खरी सांगतो. म्हसावदला असतो तर हा माणूस आमच्या ओट्यासमोर उन्हात उभा राहिला असता, आणि आत या, बसा, असं त्याला आमच्यातल्या कोणी म्हटलं नसतं. मीसुद्धा नाही. जहाजावर तो माझा उस्ताद झाला.

मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही. दोघांनी चार कोपरे धरायचे, ताणायची, एकाने पुढे यायचं, दुसऱ्याने कड पकडायची, मग मागे सरायचं. रात्रभर हेच. मला ते आठवडाभर जमेना. मी पुढे यायचो तेव्हा तोही पुढे यायचा आणि आमची डोकी आपटायची. तो कधी रागावला नाही. “होळीना नाच शे समज,” म्हणायचा. “मी येस तव्हय तू थांब. तू येस तव्हय मी थांबस.” त्यानंतर मला जमलं.

आमचं सगळं बोलणं चादरीच्या दोन टोकांवरून व्हायचं. त्याची बायको, दोन मुली आणि म्हातारा बाप धडगावपासून आणखी वर एका पाड्यावर होते. मुली आश्रमशाळेत. त्याला जहाजाचं काम मिळायच्या आधी दिवाळी झाली की सगळं घरच कोयते घेऊन गुजरातेत उसाला जायचं, आणि मुलींची शाळा होळीपर्यंत बंद. आता ते थांबलं होतं. म्हणून पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणं हे त्याच्यासाठी सगळं काही होतं. त्याने माझ्याजवळ कधी जहाजाची तक्रार केली नाही. उलट मशीन बिघडली तर तिला थोपटायचा.

माझ्या पदवीचा अभिमान माझ्यापेक्षा त्याला जास्त. मेसमध्ये कोणी नवा आला की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, “हाऊ ग्रॅज्युएट शे.” केरळचे, गोव्याचे, नेपाळचे लोक मान डोलवायचे. मग तो माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर एखादा प्रश्न टाकायचा. समुद्र खारट का? जहाज लोखंडाचं, तरी बुडत का नाही? मी पुस्तकातलं उत्तर द्यायचो. त्याला अर्धं कळायचं, पण उत्तर आहे याचंच त्याला समाधान. “देखा,” तो म्हणायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जी दुसऱ्याच्या शिक्षणावर स्वतःच्या घरासारखा विश्वास टाकतात. तो विश्वास किती जड असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रात्रपाळी सकाळी सहाला सुटायची. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून असलं की रात्रपाळीवाल्यांना पहिल्या होडीने किनाऱ्यावर जाता यायचं आणि साडेनऊच्या होडीने परतावं लागायचं, कारण त्यानंतर होड्या प्रवाशांच्या. प्रवासी बसमध्ये बसून किल्ला आणि मसाल्याची बाग बघायला जात. दादा एकटा गावांत जायचा. एखाद्या ओट्यावर बसायचा, जाळं विणणाऱ्याशी बोलायचा, वाळत घातलेली मासळी न्याहाळायचा. परत आला की मला सगळं सांगायचा. एका गावात बोंबील दोरीवर वाळतात, आपल्याकडे कपडे वाळत घालतात तसे. एका म्हातारीने त्याला विचारलं, तुमच्याकडे मासे कुठून येतात? तो म्हणाला, तुमच्याकडूनच. दोघं हसले. एवढंसं, पण त्याला ते फार महत्त्वाचं वाटलं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही एका नव्या बंदराला लागलो. कोकणातलं लहान बंदर. धक्क्याच्या उजव्या हाताला खाडी, आणि खाडीच्या पलीकडे कोळ्यांचं गाव. सकाळी खाडी काठोकाठ भरलेली होती. दादा कोळ्यांच्या होडीने पलीकडे गेला. तिथे मासळी सुकवणाऱ्या एका मावशीशी त्याची ओळख झाली. परत येताना होडीवाला न्याहारीला गेलेला. दादा वाट बघून कंटाळला आणि पुलावरून चालत निघाला. पूल खूप आत होता. तासभर लागला. साडेनऊची होडी चुकली, पुढच्या होडीत प्रवाशांच्या सामानाबरोबर उभा राहून तो आला, आणि त्याला लेखी वॉर्निंग मिळाली. दुसरी मिळाली तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही, हे सुपरवायझरने त्याला हिंदीत, हळू आवाजात सांगितलं.

त्या दिवशी मेसमध्ये त्याला हसवायला म्हणून मी विचारलं, गावात काय पाहिलंस? तो गंभीरपणे म्हणाला, “तुन्हा कामनं सांगस. तठे भरती निंघेल शे.”

“कसली भरती?”

“बोर्ड लायेल शे खाडीवर. भरतीना टाइमले खाडीमा उतरू नको, असं लिखेल शे. पोलीसनी व्हई. पोऱ्या पळाले येतस, त्यासना रस्तामा कोणी येवाले नको. तू फॉरम भर.”

तो चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर लावून लावून त्याने तो बोर्ड वाचला होता. आमच्या जिल्ह्यात भरती म्हणजे पोलीस भरती, वनरक्षक भरती, शिक्षक भरती. दुसरी भरती आम्ही पाहिलेलीच नाही. आज मी शहाद्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसतो, आणि दिवसातून वीसदा हा शब्द त्याच अर्थाने ऐकतो.

मी हसत सुटलो. “अरे दादा, ती भरती नही. समुद्रनी भरती.”

“समुद्रनी? समुद्र काय पोलीसमा जाई ऱ्हायना?”

टेबलावरच्या गोव्याच्या मुलाला मी हिंदीत सांगितलं. तो हसला, त्याने पुढच्याला सांगितलं. सगळी मेस हसली. दादाही हसला, स्वतःवर मोठ्याने हसायची त्याची सवय होती. दोन दिवस लोक त्याला “भरती हो गया क्या?” विचारत होते आणि तो सलाम ठोकत होता. समुद्राची भरती म्हणजे काय, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं टाळलं असंही नाही. गंमत इतकी रंगली की त्याखाली ते राहूनच गेलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत काढून त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले होते.

तुम्ही विचाराल की वर्षभर समुद्रावर राहून हे कळत कसं नाही? जहाजावर राहणाऱ्याला भरती दिसत नाही. पाणी चढतं तसं जहाज चढतं, उतरतं तसं उतरतं, आणि आम्ही तर खिडकी नसलेल्या मजल्यावर. किनाऱ्यावर जायचो ते दोन-तीन तास. बाकी समुद्राचं काय चाललंय हे आम्हाला वरचे प्रवासी सांगत.

पुन्हा त्या बंदराला लागलो ते दिवाळीच्या अमावास्येला. आठ दिवसांनी दादाचं कॉन्ट्रॅक्ट संपून तो घरी जाणार होता. मावशीने त्याला सांगून ठेवलं होतं की येशील तेव्हा चांगली सुकट काढून ठेवते. बायकोसमोर ती ठेवून त्याला सांगायचं होतं, ही बाजारातली नाही, जिथून येते तिथून आणली. त्या सकाळी त्याच्या वाटणीच्या चादरी राहिल्या होत्या. मी म्हटलं, तू जा, मी करतो. लहान चादरी एकट्यालाही होतात.

साडेसहाला त्याचा फोन आला. खूश होता. खाडीत पाणीच नाही, नुसती वाळू आणि चिखल, तो चालत पलीकडे गेला होता. दसऱ्याला भरलेली खाडी दिवाळीला आटली, यात त्याला नवल वाटलं नाही. सातपुड्यातल्या नद्यांचं असंच असतं. पाऊस संपला की पाणी उतरतं, दगड उघडे पडतात, आणि मग पुढच्या पावसापर्यंत नदीचं पात्र हाच रस्ता. बैलगाड्या, जीप सगळं त्यातूनच जातं.

दुसरा फोन पावणेनऊला आला. मी वर खलाशांच्या डेकवर चहा पीत होतो. त्याचा आवाज घाईचा होता. मावशीने चहा पाजला, पोहे दिले, त्यात उशीर झाला होता.

“उनू तव्हय कोरडं व्हतं,” तो म्हणाला, “आते घोटाइतलं पानी शे. पुलवरथून गऊ ते होडी चुकी जाई. तू सांग, खाडीमाईन येऊ का?”

आलो तेव्हा कोरडं होतं, आता घोट्याइतकं आहे. त्याने मला सगळं सांगितलं होतं. प्रश्नही नीट विचारला होता, आणि नेहमीसारखा मलाच विचारला होता. माझ्या डोळ्यांपुढे वॉर्निंगचा कागद होता. मी घड्याळ बघितलं.

“ये दादा,” मी म्हणालो. “बेगीन ये.”

त्याने फोन ठेवला.

साडेनऊची होडी आली. त्यात तो नव्हता. मी फोन लावत राहिलो. दुपारी सुपरवायझरने वहीत त्याच्या नावापुढे ‘पळाला’ असं लिहिलं. बंदरावर उतरून परत न येणाऱ्याला तोच शब्द आहे. मी त्यांना म्हणालो, हा पळणारा माणूस नाही. ते म्हणाले, “सब के दोस्त यही बोलते हैं.” चार वाजता जहाज निघालं. रात्रपाळीला माझ्यासमोर चादर धरायला गोव्याचा मुलगा आला. मी पुढे गेलो तेव्हा तोही पुढे आला.

दुसऱ्या दिवशी दादा सापडला. खाडीच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून लांब, तिवरांच्या मुळांत. शर्टाच्या कॉलरच्या आत लाँड्रीचा नंबर होता, त्यावरून जहाज कळलं. नंबर त्याच्याच हातचा होता. सगळ्यांच्या कपड्यांवर तोच घालायचा.

माझं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मी एसटीने त्या गावी गेलो. मावशी मला लगेच ओळखल्यासारखी बोलली, जणू कोणीतरी येईल म्हणून ती थांबलीच होती.

“मी वरनं ओरडले रे,” ती म्हणाली. “भरती लागली, भरती लागली, असं ओरडले. त्यानं मागं बघितलं आणि हसून सलाम ठोकला. मला वाटलं, कळलं त्याला.”

तिला त्या सलामाचा अर्थ मी सांगितला नाही. मी काठावर बसून राहिलो. तासाभरात बघितलं, पाणी समोरच्या समुद्राकडून आलं नाही. ते आधी मागच्या बाजूच्या चरांत भरलं, मग मधली वाळू बेट झाली, मग बेट लहान होत गेलं. उभ्या माणसाला वाटावं की आपण कोरड्यावर आहोत. आणि प्रवाह आत, डोंगराकडे चालला होता. नदी उलटी वाहत होती. आमच्या बाजूच्या कोणत्याही माणसाने हे आयुष्यात पाहिलेलं नाही.

त्याची बॅग माझ्याकडे होती. म्हसावदहून जीपने धडगाव, तिथून दुसऱ्या जीपने पाड्याच्या फाट्यापर्यंत, आणि पुढे चालत. घरी म्हातारा बाप एकटाच होता. पत्र्याच्या पेटीवर प्रेताबरोबर आलेले कागद ठेवलेले, कोणी न वाचलेले. सून आणि नाती कुठे आहेत, असं विचारलं तर त्याने गुजरातच्या दिशेला हात केला. उसाला गेल्या होत्या. मुलीही.

म्हाताऱ्याला बाजारापुरती अहिराणी येत होती. त्याने मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला. मी खाली बसायला गेलो तर हाताने थांबवलं. मग विचारलं, कसं झालं? पोलिसांनी त्याला पोरगा नदीत बुडाला असं सांगितलं होतं, पण दिवाळीत नदीला पाणी कुठलं, हे त्याला कळत नव्हतं. त्याला वाटत होतं की कोणीतरी मारून टाकलं आणि लपवलं.

मी सांगितलं. खाडी, कोरडी वाळू, मग चढणारं पाणी.

“पानी वर चढस?” तो म्हणाला. “नदी डोंगरकडे जास? मी देखेल नही.”

मी काडीने जमिनीवर गोल काढले. पृथ्वी, चंद्र, सूर्य. चंद्र पाणी ओढतो, म्हणून ते दिवसातून दोनदा चढतं. त्याने चंद्राच्या गोलावर बोट ठेवलं.

“त्या दिनले चांद व्हता?”

“नही. अमावस व्हती.”

“चांदच नव्हता ते पानी कोन ओढं?”

मी पुन्हा सांगू लागलो. चंद्र दिसत नसला तरी असतो, अमावास्येला सूर्याच्याच बाजूला असतो, दोघं मिळून ओढतात, म्हणून त्या दिवशी पाणी जास्त चढतं. वर्गात सांगावं तसं मी नीट, क्रमाने सांगितलं. तो ऐकत होता. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला एक गोष्ट कळली. कोणी मारलं नव्हतं.

“हाई तुले कव्हयपासून मालूम शे?” त्याने विचारलं.

“शाळापासून.”

“त्याले मालूम व्हतं?”

“नही.”

 मी फोनचं सांगायचं ठरवून आलो होतो. दादाने मला विचारलं होतं आणि मी ‘ये’ म्हणालो, एवढंच वाक्य होतं. ऊन पार चढेपर्यंत ते माझ्या तोंडात राहिलं. म्हाताऱ्याने चुलीवरची भाकर आणि चटणी माझ्यापुढे ठेवली. मी जेवलो. तो बसून बघत होता, पाहुणा पोटभर जेवतोय की नाही हे बघतात तसा.

परत जाताना तो माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला. जीप भरलेली होती. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर, टपावर दोघं, पुढे ड्रायव्हरशेजारी एक पोरगा बसलेला. मी मागे लोंबकळायला कडी धरली. म्हाताऱ्याने माझा हात कडीवरून सोडवला, पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या दारावर थाप मारली.

“शिकेल माणूस शे,” तो म्हणाला. “पुढे बठाड.”

त्या पोराला उठवून मागे पाठवलं. मी पुढे बसलो. घाट उतरेपर्यंत समोरच्या काचेतून सगळा रस्ता स्वच्छ दिसत होता.